पासर्स-बाय

पळसाच्या द्रोणातल्या करवंदांचा आंबटगोड वास आला, की मला तलासरीतला माझा आठवीचा वर्ग आठवतो. २०१७ चा जून होता, शाळा नुकतीच उघडली होती आणि खिडकीतून हायवेवरच्या ट्रकांची घरघर आत येत होती. मी इंग्रजीतल्या जोडशब्दांची अनेकवचनं शिकवत होते. 'पासर-बाय' म्हणजे वाटसरू, असं सांगितल्यावर सगळ्यांनी एस शेवटी चिकटवला, म्हणून मी फळ्यावर दाखवलं, की तो मध्येच, 'पासर'ला लागतो. "आपल्यात बरंय मॅडम," मागून कुणीतरी म्हणालं, "एक वाटसरू, शंभर वाटसरू!" वर्ग हसला. पहिल्या बाकावरची मुलगी तेवढी हसली नाही. तिची आई दर उन्हाळ्यात हायवेच्या कडेला करवंदं विकायची, मीही तिच्याकडून घ्यायची. मुलीनं विचारलं, "मॅडम, कोणीच थांबला नाय, तरी पण एस लावायचा?" मी म्हटलं, "हो, तरी पण लावायचा." मग तिनं सावकाश लिहिलं, 'नो पासर्स-बाय स्टॉप्ड.' एस अगदी जागेवर होता. मी "शाब्बास" म्हटलं, तेव्हा तिच्या शेजारची हळूच म्हणाली, "मॅडम, सुट्टीत हिच्या आईला गाडीनं उडवली. संध्याकाळपर्यंत रस्त्यावरच पडून होती, तिथंच गेली." अजूनही करवंदांच्या दिवसांत माझी बस त्या जागेवरून जाते. कडेला द्रोण घेऊन बायका उभ्या असतात. बस थांबत नाही, आणि खिडकीशी बसलेली मी त्या अनेकवचनात मोजली जाते.