लाल लोकरीची हद्द

तमाम जगाच्या माहितीसाठी अत्यंत गांभीर्याने जाहीर करण्यात येते की, पाश्चात्त्य मित्रराष्ट्रांनी एकमेकांसाठी कुठवर धावून जायचे आणि कुठे थांबायचे, याचा निकाल बरीच वर्षे कोथरूडच्या एका सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर लागत असे. निकाल देणारे गद्रे सर बनियन आणि पायजम्यात असत. संबंधित राष्ट्रांना याची काहीच कल्पना नव्हती, हे त्यांचे दुर्दैव.

सरांनी आम्हाला कॉलेजात आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवले. निवृत्त झाल्यावर त्यांनी दिवाणखान्यात जगाचा नकाशा लावला आणि या मित्रराष्ट्रांच्या परस्पर संरक्षणाच्या करारात नमूद केलेल्या प्रदेशाभोवती टाचण्या टोचून लाल लोकर ताणली. ती त्यांच्या लेकीच्या, राधिकाच्या, लहानपणीच्या स्वेटरमधून उरलेली. "मैत्री या लोकरीच्या आत," सर बजावत. "बाहेर पाऊल टाकलं की मित्राचा फौजदार होतो."

मी दर रविवारी काकूंचे पोहे खायला आणि सरांशी भांडायला जाई. "पण सर, समुद्री चाचे काही करार वाचून लुटायला निघत नाहीत."

"तूही न वाचताच पेपरला बसायचास, जोशी. म्हणून तुला त्यांचा पुळका."

सर आता नाहीत. नकाशा माझ्याकडे आहे. लाल लोकरीला एके ठिकाणी पोपटी लोकर गाठ मारून जोडलेली दिसते. येणारा प्रत्येक जण विचारतो, म्हणून एकदाचे लिहून टाकतो.

त्या रविवारी पोह्यांचा वास नव्हता. दार सताड उघडे. काकू फोनजवळ बसलेल्या. राधिका तेव्हा एका मालवाहू जहाजावर अधिकारी होती. कंपनीचा नुकताच फोन आला होता : एडनच्या आखातात दोन वेगवान होड्या जहाजाच्या मागे लागल्या आहेत, सगळ्यांनी इंजिनरूममध्ये कोंडून घेतले आहे, संपर्क तुटला आहे. त्या मित्रराष्ट्रांपैकी एकाची युद्धनौका जवळपास आहे. ती जाईल का, सांगता येत नाही.

सर नकाशासमोर उभे होते. जहाजाच्या जागी त्यांनी टाचणी टोचली होती. लोकरीपासून चार बोटे लांब.

"सर, जातील ते," मी म्हणालो.

"कसे जातील?" सर वळले नाहीत. "कॅप्टन आधी मुख्यालयाला विचारणार. मुख्यालय मंत्र्याला. मंत्री बाकीच्या देशांना. त्यातल्या एकाने जरी म्हटलं, की ही आपली हद्द नव्हे..."

"अहो, गप्प बसा हो," काकू म्हणाल्या. "शिकवू नका आत्ता."

सर लोकर आणि टाचणीतले अंतर बोटांनी पुन्हा पुन्हा मोजू लागले. ते अधिकच भयंकर होते. मदत का येणार नाही याची सगळी कारणे त्या घरात एकट्या त्यांनाच तोंडपाठ होती. इतकी वर्षे चाललेला तो वाद त्या दिवशी मी जिंकावा, असे पहिल्यांदाच आम्हा तिघांनाही वाटत होते.

खाली कुणाची तरी स्कूटर किक मारूनही सुरू होत नव्हती. आम्ही प्रत्येक किक ऐकली.

फोन वाजला. काकूंच्या आधी सरांनीच धावत येऊन उचलला.

"बाबा, मी बोलतेय." आवाज इतका मोठा, की मलाही ऐकू आला. "त्यांचं हेलिकॉप्टर आलं. होड्या पळाल्या. सगळे ठीक आहोत."

सरांच्या तोंडून सवयीनेच निघाले, "कुणाच्या परवानगीने आले?"

"विचारायला वेळ नव्हता, बाबा!"

काकूंनी फोन हिसकावला आणि बोलता बोलता रडू लागल्या. सर स्टुलावर चढले. त्यांनी दोन टाचण्या उपटल्या, सैल झालेली लोकर लेकीच्या टाचणीकडे ओढली. ती ताणली, आणखी ताणली आणि तटकन तुटली. दोन्ही टोके दोन हातांत धरून, शेजारच्या सोसायटीपर्यंत आवाज जाईल असे सर ओरडले,

"अगं, लोकर पुरत नाहीये! कुठल्याही रंगाची दे!"