दिवेलागणीनंतरचं दूध

सासूबाईंच्या पोटात जे होतं त्याला वीस वर्षं सगळे पित्तच म्हणत आले. वैद्यानं पित्त म्हटलं, हकिमानं पित्त म्हटलं. एका शहाण्यानं तर तापलेल्या सळईनं बेंबीशेजारी दोन डाग दिले आणि वर सांगितलं, आता वर्षभर बघायला नको. वर्ष कसलं, आठ दिवसांत बाई पुन्हा पोट दाबून बसल्या. मी सोळा वर्षांची नंदुरबारला त्या घरात आले तेव्हा मला बजावलं होतं की सासूजी कळवळल्या तरी विचारायचं नाही, त्यांना आवडत नाही.

मग एकदा रक्ताची उलटी झाली. थोडी ताकद आल्यावर सासऱ्यांनी त्यांना आगगाडीनं सुरतेला नेलं. बाईमाणूस सोबत हवं म्हणून मीही गेले. तिथल्या डॉक्टरांकडे पोटाच्या आतला फोटो काढायचं यंत्र आलं होतं. त्यांनी सासूबाईंना पेलाभर पांढरं, खडू कालवल्यासारखं काहीतरी प्यायला दिलं. बाईंनी पहिला प्रश्न काय विचारावा? "ह्यात काही अभक्ष्य नाही ना?" डॉक्टर नाही म्हणाले, तेव्हा कुठे पेला तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ती काळी फिल्म उजेडासमोर धरली. ही जठराची पिशवी, आणि इथं ही खोबण. जखम आहे, तिच्यात ते पांढरं जाऊन बसलंय. वीस वर्षं जे कोणाला दिसलं नाही ते डोळ्यांसमोर होतं. मला तर आनंदानं रडूच आलं. नाव कळलं म्हणजे दुखणं गेलंच, एवढी मी खुळी!

डॉक्टरांनी दर दोन तासांनी दूध आणि एक पूड सांगितली, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत. रात्र उपाशी काढायची नाही, ते दोनदा म्हणाले. रिकाम्या पोटात आम्ल त्या जखमेलाच खातं. सहा महिने नीट पाळलं तर भरून येईल, नाहीतर एक दिवस आरपार जाईल आणि मग माझ्याकडे आणायलाही वेळ राहणार नाही.

सासूबाईंनी मान हलवली. पण त्यांचा चौविहार होता, आम्हा जैनांतला कडक नेम. सूर्य मावळला की अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. लग्नाआधी साध्वीजींपुढे हात जोडून घेतलेला नेम, बाळंतपणातसुद्धा मोडला नव्हता. घरात बाकी कोणी तो घेतला नव्हता. आम्ही फक्त रीत म्हणून उजेडी जेवायचो.

दूध द्यायचं काम माझं. दिवसाचे पेले त्या मुकाट्यानं प्यायच्या. पहिल्याच संध्याकाळी, दिवा लागल्यावर मी पेला नेला, तर म्हणाल्या, "बिनणी, तू पी. लेकराच्या वयाची आहेस, अंगाला लागेल." आमच्या मारवाडीत सुनेला बिनणीच म्हणतात. मी नको नको म्हटलं. त्यांनी माझा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "कोणाला सांगितलंस तर बघ."

मी प्यायले. खोटं कशाला सांगू, मला आवडलंही. ते साखर घातलेलं दाट दूध मला माहेरी कधी दिसलं नव्हतं, आणि ज्या बाईनं वर्षभर माझ्या भाकरीला नावं ठेवली ती आता शेजारी बसवून पाठीवरून हात फिरवत होती. रोज दोन पेले. सकाळी सासरे दारातून, कोणाकडेही न बघता, विचारायचे, "रात्रीचं दूध झालं?" मी पदराआडून मान हलवायची. सासऱ्यांशी सुनेनं बोलायचं नसे, तेव्हा मानेनंच खोटं बोलत होते. नवऱ्याला सांगता आलं असतं. सांगितलं नाही.

दूध घालणारी गवळण मोठी तोंडाळ. एक दिवस ओट्यावर चरवी टेकवून म्हणाली, "काय वं, सासू वाळी ऱ्हायनी नि वहू भरी ऱ्हायनी! दूध कोन पी ऱ्हायनं?" ओट्यावरच्या सगळ्या बायका हसल्या. सासूबाईही हसल्या. मी दुधाचं भांडं उचलून आत गेले.

चातुर्मास लागून महिना झाला असेल. भर दुपारी सासूबाई देवळीशी उभ्या होत्या, आणि एकदम किंकाळी फोडून खाली बसल्या. त्या बाईच्या तोंडून मी कधी आवाज ऐकला नव्हता. पोट पाटासारखं कडक झालं होतं. गावातल्या डॉक्टरांनी हात लावला आणि म्हणाले, फुटलं. सुरतेची गाडी यायच्या आत सगळं संपलं. शेवटी त्यांनी पाणी मागितलं का नाही, तेही मला आठवत नाही.

तेराव्यानंतर मी स्थानकात, साध्वीजी उतरायच्या तिथं, गेले आणि तोच नेम घेतला. मला वाटलं, माझी शिक्षा हीच. महिन्याभरात कळलं की मला दिवस गेलेत. संध्याकाळनंतर डोळ्यांपुढे अंधारी यायची, एकदा तर चुलीपाशीच कोसळले. दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे स्वतः उठून स्थानकात गेले. मागच्याच गल्लीत होतं ते. मी पीठ मळायला बसले होते, ते मळून व्हायच्या आत परत आले.

दारात उभं राहून ते पहिल्यांदाच थेट माझ्याशी बोलले. "बिनणी, साध्वीजींनी सूट दिली. दुखणाइताला, पोटुशीला सूट असतेच म्हणाल्या. कोणी येऊन विचारायचं फक्त."

माझे हात पिठातच थांबले. रीतभात गेली चुलीत, मी पदराआडून बोलले, "सासूजी रात्रीचं दूध पीत नव्हत्या. मी प्यायचे."

त्यांनी चपला काढून भिंतीशी ठेवल्या. मग म्हणाले, "ठाऊक होतं मला. पेला तुझ्या बाजूला असायचा." आणि पाठ वळवता वळवता, "नेम तिचा होता. बायकांच्या नेमात मी कसा पडू?"

माझ्या नेमात तर पडला होतात तुम्ही. नातवासाठी मागच्या गल्लीपर्यंत चालत गेला होतात. हे मी म्हटलं नाही, आणि आजही मला त्यांच्यापेक्षा माझाच राग जास्त येतो, कारण माझेही पाय धडधाकट होते. त्या दिवशी दिवे लागल्यावर सासऱ्यांनी दुधाचा पेला माझ्या दाराशी आणून ठेवला, आणि मी तो प्यायले.