एका गच्चीवर दोन साडू

कुठल्याही धंद्याला हात लागतात, डोकं लागतं, थोडं नशीबही लागतं. छत्रीवाल्याला याखेरीज सासू लागायची.

तो गच्चीवर चढून टीव्हीची छत्री फिरवायचा आणि सासूबाई खाली गिऱ्हाइकाच्या घरात टीव्हीपुढे ठाण मांडून वर ओरडायच्या. बाकीचे फिटर कानाला फोन लावून काम करत. पण फोन धरला की पाना धरायला हात उरत नाही, आणि वाऱ्यात निम्मं ऐकू येत नाही ते वेगळंच. सासूबाईंचा आवाज गच्चीवर तर पोचायचाच, शेजारच्या गच्चीवरची कबुतरंही उठवायचा. शिवाय नुसतं 'आलं' नि 'गेलं' म्हणण्यावर त्यांचं भागत नसे. "बातम्यांची बाई आली, पण चौकोन चौकोन झालीये. जरा वर घ्या. हां, नाक जुळलं. हनुवटी राहिली." मग छत्रीवाला हनुवटीपुरता पाना फिरवायचा आणि बाई अखंड व्हायची. सासरे गेल्यावर सासूबाई कुणाशी धड बोलत नव्हत्या. एकदा लेकीला बरं नव्हतं म्हणून तिच्या जागी त्या टीव्हीपुढे बसल्या आणि त्यांना जो कंठ फुटला, तो फुटलाच.

तेव्हा शहरात निळी कंपनी एकटी होती आणि छत्रीवाला निळ्यांचा माणूस. मग लाल कंपनी आली. तिने छत्री फुकट दिली. निळीने चवताळून बसवणावळ माफ केली. लालने सिनेमे फुकट सोडले, निळीने कार्टूनची चॅनेलं उधळली. लोकांची नुसती चंगळ. सकाळी निळी उतरवायची, संध्याकाळी लाल चढवायची, आणि दोन्ही कंपन्यांना फोन करून विचारायचं, आता अजून काय देता? एका आजोबांनी तर दोन्ही बसवून घेतल्या आणि मधे दोरी बांधून कपडे वाळत घातले.

या धुमाळीत लाल कंपनीने इथला माणूस नेमला तो कोण, तर सासूबाईंचे थोरले जावई, म्हणजे छत्रीवाल्याचा सख्खा साडू. साडूच्या जिभेवर साखर होती. तो दारात उभा राहिला की माणूस टीव्ही नसतानाही छत्री घ्यायचा. एके दिवशी तो सासूबाईंसाठी लाल टोपी घेऊनच आला.

"आई, आमच्या गाडीत बसा. पुढची सीट तुमची."

सासूबाईंनी टोपी घालून आरशात दोन्ही बाजूंनी पाहिलं. "एक दिवस येऊन बघते," त्या म्हणाल्या.

कंपनी बुडाली असती तरी छत्रीवाल्याने दुसरी शोधली असती. असा आवाज कुठून आणणार होता? "आई तिकडे गेल्या तर मी गच्चीवर जाऊन करू काय?" त्याने बायकोला विचारलं. "मी ओरडेन की," बायको म्हणाली, आणि त्याचा उरलासुरला धीरही सुटला.

सासूबाई लाल गाडीत बसल्या, नेमकी त्याच दिवशी नव्या उंच इमारतीची परीक्षा होती. तिथल्या अध्यक्षांनी ठरवलं होतं की वरच्या हॉलमध्ये दोन टीव्ही ठेवायचे, गच्चीवर दोन छत्र्या, आणि ज्याच्या टीव्हीवर आधी मॅच दिसेल त्याची अख्खी इमारत. निळ्या टीव्हीपुढे छत्रीवाल्याची बायको बसली. लाल टीव्हीपुढे लाल टोपीत सासूबाई.

"अहो, आल्यासारखं वाटतंय," बायको खिडकीतून म्हणाली. "नाही बहुतेक. तुम्हाला काय वाटतं?"

त्याला काय वाटणार? त्याला फक्त आकाश दिसत होतं.

तेवढ्यात दुसऱ्या खिडकीतून तो आवाज आला. "जावईबापू, डावीकडे. अजून थोडं. सिग्नलची पट्टी चढतेय, वर घ्या. खेळाडू आला, पण पाय नाहीत. किंचित मागे. आले पाय. आवळा आता."

छत्रीवाल्याने त्या सांगतील तसं फिरवलं आणि शेवटी आवळलं. खाली टाळ्यांचा कडकडाट झाला, कुणीतरी शिट्टी मारली. आनंदाने हसत त्याने हात पुसले, आणि मग त्याला दिसलं की आपण आवळलाय तो लाल छत्रीचा नट. त्याची स्वतःची निळी छत्री शेजारच्या पाण्याच्या टाकीकडे तोंड करून बसली होती.

साडू कठड्याशी पाठमोरा उभा राहून साहेबांना फोनवर सांगत होता की इमारत खिशात आहे. टाळ्या ऐकून तो वळला. आपली छत्री आपोआप लागली याचं त्याला जराही नवल वाटलं नाही, जाहिरातीत तसंच म्हटलं होतं.

सासूबाई धापा टाकत जिना चढून गच्चीवर आल्या. "छत्री कुणी लावली?"

"मीच," साडू म्हणाला.

"सकाळपासून मी डावीकडे म्हटलं की तुम्ही विचारता, कुणाच्या डावीकडे. आत्ता कुणी विचारलं नाही."

साडूने छत्रीकडे पाहिलं, मग छत्रीवाल्याच्या हातातल्या पान्याकडे. त्याच्या जिभेवरची साखर पहिल्यांदाच संपली.

सासूबाई धाकट्या जावयाकडे वळल्या. "इमारत घालवलीत."

"घालवली, आई."

"करताना कळलं नाही?"

"नाही. तुम्ही बोलत होतात ना."

लाल टोपी काढून सासूबाईंनी साडूच्या डोक्यावर ठेवली आणि नीट बसवली. तेवढ्यात खालून अध्यक्षांनी हाक मारली की उद्याच सगळ्या घरांना छत्र्या पाहिजेत. साडूने कठड्यावरून वाकून खालचे मजले पाहिले आणि त्याचा चेहरा पडला.

"आई, उद्या येणार ना?"

"उद्या जमायचं नाही," सासूबाई म्हणाल्या. "उद्या आम्हाला काम आहे."

उद्या काम कुठे आहे, निळी कंपनी आता ठेवते की काढते, छत्रीवाल्याला काहीच ठाऊक नव्हतं. पण 'आम्हाला' ऐकून त्याला इतका आनंद झाला की साडूची दया येऊन त्याने लाल छत्रीचा राहिलेला एक नटही आवळून दिला.