घरातून कोण देतं?

आमच्या धाकटीला देवाचं पाचारण आलं ते मंगळवारी, भर दुपारी, लाकूड तासताना. हे तिचंच म्हणणं. मला तिने ते शुक्रवारी सांगितलं. म्हणजे मधले तीन दिवस ती माझ्याशेजारी बसून डबा खात होती आणि तोंडातून ब्र काढत नव्हती.

"आवाज आला का?" मी विचारलं.

"नाही गं ताई, आवाज कसला! ते आधीच ठरलेलं होतं. मला उशिरा कळलं, एवढंच."

अशा उत्तरावर माणसाने भांडायचं तरी कसं? आवाज आला असता तर कान तपासून घे म्हटलं असतं.

आमचा कारखाना म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत गिऱ्हाईक, मागच्या खोलीत आम्ही. साधे बूट आम्ही करत नाही. ज्यांचा एक पाय आखूड आहे, ज्यांची बोटं एकमेकांवर चढलीत, ज्यांच्या टाचेवरून कधीतरी चाक गेलंय, अशांचे बूट बाबांनी चाळीस वर्षं केले. गिऱ्हाइकाच्या पायासारखा हुबेहूब लाकडी पाय तासायचा, त्याला कलबूत म्हणतात, आणि त्यावर चामडं ओढून बूट शिवायचा. असे दोनेकशे लाकडी पाय आमच्या फळ्यांवर ओळीने बसलेत. बाबांचे हात थरथरायला लागले तेव्हा लाकूड तासायची पटाशी धाकटीच्या हातात आली. तेव्हा ती सतरा वर्षांची होती, आता तेवीस. मी शिलाईचं मशीन, गल्ला आणि आरडाओरडा सांभाळते.

माप घ्यायची बाबांची एक पद्धत होती, ती धाकटीने जशीच्या तशी उचलली. आधी गिऱ्हाइकाला खोलीभर चालायला लावायचं. मग जमिनीवर बसून त्याचा पाय मांडीवर घ्यायचा आणि डोळे मिटून त्यावरून हात फिरवायचा. टेप अगदी शेवटी. मला ते कधी जमलं नाही. खरं सांगायचं तर दुसऱ्याच्या उघड्या पायाला हात लावायची मला किळस येते. बुटांच्या घरात जन्मलेल्या बाईने हे बोलू नये, म्हणून मी बोलत नाही, मशीन चालवते.

तर पाचारण. लांब डोंगरातलं मिशनचं वसतिगृह. तीन वर्षं. मुलांना वाचायला शिकवायचं आणि येशूची सुवार्ता सांगायची.

"तिथे पायांचं काम आहे का?" मी विचारलं.

"नाही."

"मग तू कशाला? वाचायला शिकवणारे छप्पन्न मिळतील. आमच्याकडे कलबूत तासणारी एकच आहे, हे देवाला दिसलं नाही का?"

"दिसलं असेल की," ती शांतपणे म्हणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबा कोपऱ्यात बसून गालातल्या गालात हसत होते. बाबांचं बरं आहे. ते सगळं देवावर सोपवतात आणि देव ते माझ्यावर.

त्यात आमच्या चर्चच्या मंडळीचा एक रिवाज आहे. मिशनला जाणाऱ्याला पाळकसाहेब रविवारच्या उपासनेत पुढे बोलावतात आणि विचारतात, "घरातून कोण देतं?" मग घरच्या कर्त्या माणसाने उठून त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि "आम्ही देतो" म्हणायचं. कोणी उठलं नाही तर जाणं वर्षभर लांबतं. बाबांनी घर माझ्या हाती दिलं त्याला सहा वर्षं झाली. तेव्हा उठायचं मीच. मी धाकटीला स्वच्छ सांगून टाकलं, "मी उठणार नाही."

ती म्हणाली, "बरं."

भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

पण खरी कपाळावर हात मारायची वेळ पुढे आली. तीन महिने झाले, जायचा रविवार तोंडावर आला, तरी या बाईने एकाही गिऱ्हाइकाला सांगितलं नव्हतं. उलट "पुढच्या वर्षी टाच जरा चढवू हं" असं ज्याला त्याला सांगत होती.

"डोंगरातल्या अनोळखी लोकांना सुवार्ता सांगायला निघालीस," मी म्हटलं, "आणि इथल्या पोस्टमनकाकांना दोन शब्द सांगायची छाती होत नाही?"

"त्यांचा चेहरा बघवणार नाही गं."

"आणि माझा बघवतो?"

ती पटाशीला धार लावायला बसली.

पोस्टमनकाका निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. नोकरीत असतानाच त्यांचा उजवा पाय टपालाच्या गाडीखाली सापडला होता. ते गुरुवारी नव्या बुटाचं माप द्यायला आले, तशी मी धाकटीला पुढच्या खोलीत अक्षरशः ढकललं. तिने मान खाली घालून एका दमात सगळं सांगितलं.

काकांनी बुटाची नाडी सोडली. मग म्हणाले, "तिथे टपाल पोचतं का?"

"आठवड्यातून एकदा."

"म्हणजे कोणीतरी बिचारा चालत नेत असणार," ते म्हणाले. त्यांना आधी त्या माणसाची काळजी वाटली. मग विचारलं, "आणि माझा बूट?"

"ताई करेल," धाकटी म्हणाली.

विचारणं नाही, सवरणं नाही! पण काकांसमोर तमाशा कुठे करणार? मी पदर खोचून जमिनीवर बसले आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला. तो गार होता, बोटं एका बाजूला गोळा झालेली, कातडी पातळ आणि चकचकीत. काकांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पाय मागे घेतला.

"राहू दे पोरी. मी हा बायकोलाही दाखवत नव्हतो. फक्त या धाकटीपुढे लाज वाटत नाही."

मला किळस आली होती आणि ती त्यांना दिसली होती. मला स्वतःचीच इतकी शरम वाटली की मी तो पाय दोन्ही हातांनी धरला. "ओढू नका," मी खेकसले, "माप चुकेल."

माप चुकलंच. मी सगळे आकडे काकांना बसवूनच लिहून घेतले. अंगाचा भार पडला की पाय पसरतो, टेप लावायची ती माणसाला उभं करून, हे आमच्या घरातलं पाळण्यातलं पोरही सांगेल. धाकटी शेजारीच होती. हात पाठीमागे धरलेले, ओठ दाताखाली. तिला पहिल्याच आकड्याला चूक दिसली असणार. पण ती बोलली नाही. मी खोडलं, पुन्हा लिहिलं, चिडले, टेप आपटली, तरी ती थांबून राहिली. शेवटी माझं मलाच उमगलं आणि मी म्हणाले, "काका, उठा. पहिल्यापासून घ्यायचं." तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

दहा मिनिटं तोंड मिटून उभं राहणं मला जन्मात जमलं नसतं. वाचताना एखादं पोर अडखळेल तेव्हा ही अशीच थांबेल, हे मला तिथे जमिनीवर बसल्या बसल्या कळलं. आणि कळल्याचा भयंकर राग आला.

रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं, "घरातून कोण देतं?"

कोणी हललं नाही. बाबा सरळ समोर बघत होते. धाकटी पाठमोरी उभी होती, तिने मागे वळून पाहिलं नाही, पण तिचे कान लाल झालेले मला दिसत होते. मी उठले. पुढे जाऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"म्हणा," पाळकसाहेब हळूच म्हणाले.

"देतबित नाही," मी म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला. "पाठवते आहे. तीन वर्षांनी परत हवी आहे."

मागे कोणीतरी हसलं. पाळकसाहेबांनी गोंधळून बाबांकडे पाहिलं, बाबांनी मान डोलावली, आणि पाळकसाहेब "आमेन" म्हणाले. उपासना पुढे सुरू झाली. मला मात्र हात काढून घ्यायचं सुचेना. इतकी वर्षं या डोक्यावर मी नुसत्या टपल्याच मारत आले होते.