मरायचं विसरलेल्या पेशी

वहिनीच्या गर्भाशयमुखाच्या तपासणीचा रिपोर्ट आणायला मी तिच्यासोबत लॅबमध्ये गेले होते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला मायक्रोस्कोपमधून वहिनीच्या पेशींची काचपट्टी दाखवली. जांभळे ठिपके दाटीवाटीने बसले होते. मला ते चक्क सुंदर वाटले.

"एचपीव्ही विषाणू या पेशींना मारत नाही," बाई म्हणाल्या. "त्याचं एक प्रथिन पेशीच्या वाढीचा ब्रेक निकामी करतं. दुसरं, बिघडलेल्या पेशीला मरायला लावणारा पहारेकरीच संपवतं. मग पेशी वाढतच राहते."

मरायचं विसरणं हाच आजार? म्हणजे आतलं काहीतरी रोज वेळेवर मरतं म्हणून आपण जगतो! वहिनी वर्गात कविता शिकवत होती, अंगणात पापड वाळवत होती, तेव्हाही हे तिच्या पोटात चालूच होतं, आणि कुठे साधं दुखलंही नव्हतं.

"कॅन्सर व्हायच्या आधीच सापडलंय. एवढा भाग काढला की झालं," बाई म्हणाल्या. पुढे तसंच झालं, वहिनी बरी झाली.

पण त्या दिवशी तिने स्वतःबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. ती एवढंच म्हणाली, "माझी सई अकरा वर्षांची आहे. तिला याची लस आजच देता येईल का?"