मापतात्यांची बाई

महिनाभर मापतात्यांच्या पोटात दुखत होतं, आणि त्याला खाण्यापिण्यातलं काही कारण नव्हतं. दुखत होतं ते घोडीवरून. त्यांनी हे कुणापाशी कबूल केलं नसतं, पण खरं ते खरं: माणूस नुसता जळत होता.

तात्यांनी चौदा वर्षं घोडीवरून घरोघर दूध घातलं. दोन्ही बाजूंना कॅन, मध्ये तात्या. दार आलं की न उतरताच डावीकडे वाकायचे आणि माप भरून खालच्या भांड्यात ओतायचे. थेंब कमी नाही, थेंब जास्त नाही, म्हणून मापतात्या. घोडीचं नाव बाई. "या घरात बाई एकच, मी आपली अशीच," असं त्यांची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. मग दुधाची मोटार दारोदार फिरू लागली, तात्यांचे गुडघे गेले, आणि बाई गोठ्यात उभी राहून शेपटीनं माश्या वारू लागली.

अशात आरोग्य केंद्रात नवी फिजिओ आली. तरुण, चटपटीत, बोलायला गोड. सगळे तिला मॅडम म्हणू लागले. ज्या मुलांना अंग साथ देत नाही, त्यांना शांत घोड्यावर बसवून फिरवलं की पाठ, मान, कंबर आपोआप कामाला लागते, असं तिनं घरोघर जाऊन समजावलं. बंद पडलेली लाकडाची वखार झाडून घेतली, खाली भुसा अंथरला, मुलांना चढवायला लाकडी ओटा करून घेतला. आता राहिला होता फक्त घोडा. "एक महिना वापरा," तात्या ऐटीत म्हणाले. "जमलं तर ठेवा, नाहीतर माझी मला परत." बोलले आणि त्याच दिवशी पस्तावले.

कारण बाई तिथे रमली. तात्या रोज सकाळी वखारीतल्या ओंडक्यावर जाऊन बसायचे आणि बघत राहायचे. मॅडम आली की बाई तिच्या खिशात तोंड खुपसायची. मॅडम मानेवर ब्रश फिरवायची आणि ही डोळे मिटून घ्यायची. तात्यांसाठी तिनं जन्मात कधी असे डोळे मिटले नव्हते. अर्थात तात्यांनी कधी ब्रशही फिरवला नव्हता, पण तो मुद्दा नाही. वर लोक म्हणायचे, "काय घोडी तयार केली हो मॅडमनी!" तात्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तयार केली? चार दिवसांत? मग मी चौदा वर्षं काय झोपा काढल्या?

त्यातल्या त्यात सुख एवढंच, की मॅडमच्या नव्या कोऱ्या बादलीतलं पाणी बाई अर्धंच प्यायची. मॅडम काळजी करायची. तात्यांना कारण पक्कं ठाऊक होतं. त्यांनी ते सांगितलं नाही.

दुसरं सुख लवकरच मिळालं. शिंप्याची नऊ वर्षांची मुलगी घोडीवर बसायला यायची. जन्मापासून तिची डावी बाजू अधू. मॅडम पुढे दोर धरून, शिंपी बाजूनं चालत, अशी फेरी निघायची; पण दहा-बारा पावलं झाली की मुलगी डावीकडे कलायची आणि बाई जागच्या जागी थांबायची. थांबली की थांबली. मॅडम दोर ओढायची, चुचकारायची, "चल, चल" म्हणायची, गाजर दाखवायची. बाई ढिम्म. तात्यांना पहिल्याच दिवशी उमगलं. वजन डावीकडे गेलं म्हणजे दूध घालणं चाललंय, आणि "झालं, बाई" ऐकल्याशिवाय पाय उचलायचा नाही. ही शिस्त त्यांनीच लावली होती. तात्यांनी तोंड शिवून घेतलं.

चौथ्या आठवड्यात मॅडम हिरमुसून म्हणाली, "तात्या, घोडी गुणी आहे, पण मधेच अडून बसते. मुलांना घेऊन असं चालणार नाही. शनिवारी घेऊन जा. दुसरी मिळेपर्यंत सगळं बंद ठेवावं लागेल."

"अरेरे," तात्या म्हणाले, आणि शीळ घालत घरी गेले.

भरदुपारी गोठा धुताना बघून बायकोनं विचारलं, तेव्हा त्यांनी खुशीत सगळं सांगून टाकलं. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अडून बसते? अहो, ती 'झालं' ऐकायला थांबत असेल! सांगितलं नाहीत त्यांना?"

"मला कुणी विचारलं का?"

"त्या मॅडमचा, एवढ्याशा पोरीचा हेवा करता? या वयात शोभतं का तुम्हाला?"

"माझी घोडी आहे," तात्या म्हणाले आणि खराटा जोरजोरात चालवू लागले.

शनिवारी ते दोर घेऊन वखारीत गेले. शिंप्याच्या मुलीची शेवटची फेरी चालली होती. नेमकी ओट्याजवळ ती कलली आणि बाई थांबली. शिंप्यानं सावरायला हात पुढे केला, तर मुलगी ओरडली, "हात नका लावू, बाबा! ती माझ्यासाठी थांबलीय." तिनं चांगल्या हातानं खोगिराची कडी पकडली आणि दातओठ खात स्वतःला वर ओढलं. कितीतरी वेळ लागला. शेवटी ताठ बसली, घामानं निथळत, आणि तात्यांकडे बघून हसली.

"बघितलंत ना, तात्या? मॅडम म्हणतात ही हट्टी आहे. हट्टी नाहीये काही. मी पडू नये म्हणून थांबते. मी सरळ होईपर्यंत वाट बघते."

बाई अजून उभीच होती, आणि ताठ बसलेल्या मुलीची मान आता थरथरायला लागली होती. तात्यांनी तिथूनच एक शब्द टाकला असता तर बाई मुकाट चालली असती, साऱ्यांसमोर, मॅडमच्या नाकासमोर. शब्द ओठावर आलाही होता. याच क्षणासाठी तर ते महिनाभर तळमळले होते!

ते लंगडत ओट्यावर चढले आणि मुलीच्या कानात पुटपुटले. मॅडमला ऐकू जाऊ नये इतकं हळू. तेवढा खडूसपणा त्यांनी शिल्लक ठेवलाच.

"झालं, बाई!" मुलगी खणखणीत आवाजात म्हणाली.

बाई चालू लागली. तात्या हातभर अंतरावर उभे होते, चौदा वर्षांच्या धन्याचा वास तिला आला नसेल असं कसं म्हणावं? पण तिचे दोन्ही कान मागे वळले होते ते पाठीवरच्या मुलीकडे. तात्यांच्या पोटात दुखलं. महिनाभरात दुखलं नव्हतं इतकं दुखलं.

त्या फेरीत मुलगी आणखी दोनदा कलली, दोनदा स्वतःची स्वतः सरळ झाली, आणि बाई तिच्या शब्दावर चालली. मॅडम बघतच राहिली. मग तिचं लक्ष तात्यांच्या हातातल्या दोराकडे गेलं.

"नेताय ना, तात्या?" तिनं विचारलं.

तात्यांनी दोर भिंतीवरच्या खुंटीला अडकवला.

"पाणी कोमट करून देत जा," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "गार पाण्यानं तिचे दात ठणकतात."