थुंकीतलं गाव

मुंबईत थुंकणाऱ्यांना तोटा नाही, पण स्वतःचं गाव शोधायला म्हणून थुंकलेला माणूस अख्ख्या लालबागेत एकच, आणि तो आमच्या मजल्यावर, माझ्या समोरच्या खोलीत राहतो. आम्ही सगळे त्यांना नुसतं काका म्हणतो. जन्मभर पोस्टात पत्रं निवडण्याचं काम केलेला हा माणूस निवृत्त झाला तरी पत्त्यांचा नाद काही सुटला नाही. नवीन कुणी भेटला की 'नाव काय' नंतर, आधी 'गाव खंयचा?' आणि हे विचारताना नजर समोरच्याच्या कानांवर. काकांचे कान असे बाहेर आलेले, की कपाला दोन्ही बाजूंनी दांडे लावावेत. वडिलांचेही तसेच होते म्हणे. त्यामुळे असे कान जिथे दिसतील तिथे आपला गाववाला, हा काकांचा सिद्धांत. एकदा दादरच्या फूलमार्केटात एका शेवंतीवाल्याच्या मागे ते गल्लीच्या टोकापर्यंत गेले. तो बिचारा निघाला आझमगढचा! वर काका मलाच म्हणाले, "कान मात्र आमच्यातलेच होते गो."

आता ज्याला स्वतःचं गाव ठाऊक नाही, त्याने दुसऱ्यांची का विचारावी? पण तेच तर दुखणं होतं. काकांचे वडील गिरणीत लागले ते बदली कामगार म्हणून, दुसऱ्याच कुणाच्या तरी हजेरीच्या बिल्ल्यावर. तो मूळचा माणूस गावी गेला तो आलाच नाही. बिल्ला यांच्याकडे राहिला, बिल्ल्यावरचं नाव-आडनावही राहिलं, आणि तेच पुढे काकांना लागलं. "नाव बिल्ल्याबरोबर मिळालं," एवढं वडील एकदाच बोलले. गाव विचारलं की म्हणायचे, "डिलाईल रोड." विषय संपला.

एरवी हे कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं. पण आमच्या चाळीत दरसाल सत्यनारायण होतो आणि पूजेनंतर तळमजल्यावरचे मालवणी आबा गाऱ्हाणं घालतात. एकेका बिऱ्हाडाचं गाव आणि मूळपुरुष घेऊन देवाला साकडं, आणि मागे आम्ही सगळे 'व्हय महाराजा!' काकांची पाळी आली की आबा म्हणणार, "आणि ह्यो तुझो डिलाईल रोडचो लेकरू..." की सगळे हसणार. काकाही हसायचे. मी मात्र एकदा त्यांना खोलीत जाऊन डोळे पुसताना पाहिलंय, आणि त्या वर्षापासून मला ते हसू जमलं नाही.

तर अशा माणसाच्या हाती वर्तमानपत्रातलं ते कात्रण पडलं. नळीत थुंकी पाठवा, बापाकडची वंशावळ घ्या! झालं. मी शाळेत शिकवते म्हणून इंग्रजी फॉर्म भरण्याचं काम माझ्या गळ्यात. थुंकण्याआधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, अशी अट होती. दर वीस मिनिटांनी चहा लागणाऱ्या काकांनी तो अर्धा तास गॅलरीत येरझारा घालून काढला. मग त्यांना शास्त्रच चढलं. बापाकडून मुलाकडे जे वाय गुणसूत्र उतरतं ते जसंच्या तसं उतरतं, हे ते दूधवाल्यालासुद्धा ऐकवायचे. माझ्याकडे बघून हळहळायचे, "तुझा काय उपयोग नाय गो, तुझ्यात वायच नाय." मी म्हटलं, "फॉर्म भरायला वाय लागत नाही ना काका, मग झालं तर!"

निकाल आला: एच, म्हणजे बापाकडच्या वंशाचा एक गट. गुजरातीपासून तमिळपर्यंत कोट्यवधी लोक त्यातले. काका दोन दिवस हवेत. आपला मूळपुरुष हजारो वर्षांपूर्वी कुठून कसा चालत आला याचा नकाशा त्यांनी कॅलेंडरशेजारी लावला. काकू पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "हजारो वर्षांपूर्वीचो गावलो, पण माझ्या सासऱ्याचो गाव काय गावना!"

मग जवळजवळ वर्षाने माझ्या मोबाईलवर त्या थुंकी तपासणाऱ्या कंपनीचा निरोप आला. एक जवळचे नातेवाईक सापडले, वडिलांकडची शाखा तीच. गृहस्थ वडाळ्याचे, गोदीतून क्रेनवरून निवृत्त झालेले, नातीने हौसेने त्यांची थुंकी पाठवलेली. रविवारी आम्ही गेलो. काकांनी कुलदैवतासाठी म्हणून शेंडीचा नारळ घेतला होता. दार उघडलं आणि मी काही न विचारताच ओळखलं. कान! तेच दोन दांडे.

"या, जय भीम," ते म्हणाले.

काका गोंधळून "नमस्कार, नमस्कार" करत आत गेले. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली एका म्हाताऱ्याची तसबीर, त्यालाही कान. "हे माझे वडील," गृहस्थ म्हणाले. "यांचा धाकटा भाऊ धाकू. गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, जायचं म्हणून राजापूरच्या बाजूच्या आमच्या गावातून मुंबईला आला. पण साचेखात्यात आमच्या माणसांना घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागायचा ना. आमची थुंकी लागली की बाकीच्यांना विटाळ. मग ऐकलं, दुसऱ्याच्या बिल्ल्यावर लागला. वडील शेवटपर्यंत म्हणायचे, धाकू कुठे असेल?"

काका कितीतरी वेळ नळी धरल्यासारखी मूठ मिटून बसले होते. मग एकदम रडले, अगदी पोरासारखे. "बाबा जन्मभर एकटे राहिले हो," एवढंच म्हणत राहिले. मलाही आवरेना. शेवटी गृहस्थांनीच विचारलं, "नारळ कशाला आणलात?" काका चाचरले, "कुलदैवताला..." "ते आमच्याकडे नाही. चटणी करू. भाकरी खाऊनच जायचं." परतताना काका टॅक्सीत म्हणाले, "आईला सांगितलं असेल का गो बाबांनी?" मला काय ठाऊक!

चाळीत बातमी फिरायला वेळ लागला नाही. दोन घरं जरा जपून बोलायला लागली, खोटं कशाला सांगू. यंदाच्या पूजेला काकांनी वडाळ्याच्या भावाला बोलावलं. ते आले, देवाला हात जोडले नाहीत, पण काकांना चिकटून बसले. पाळी आली तसे आबा अडखळले. "तुझो देव कोण घेऊ रे? मूळपुरुष कोण?"

काका उभे राहिले. "आबा, देव नको. माणसाचं नाव घ्या. धाकू." आणि त्यांनी गावाचं नाव सांगितलं, पोस्टातल्या सवयीने तालुक्या-जिल्ह्यासकट.

मग आबांनी घसा साफ केला आणि एरवीपेक्षा मोठ्याने नाव घेतलं, गाव घेतलं. मागून पहिला 'व्हय महाराजा' काकूंचा आला, मग माझा, मग मजल्याचा. ती दोन घरं म्हणाली की नाही, मी बघितलं नाही.

मी काकांकडे बघत होते. ते देवाकडे बघतच नव्हते. गॅलरीच्या टोकाला नळापाशी एक कोपरा आहे. दरसाल गाऱ्हाणं सुरू झालं की त्यांचे वडील तिथे जाऊन विडी ओढत उभे राहायचे म्हणे, आत कधी यायचे नाहीत. काका त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत होते.

"आता आत यायला हरकत नव्हती त्यांना," ते हळूच म्हणाले, आणि सरकून त्यांनी स्वतःच्या आणि भावाच्या मध्ये एका माणसापुरती जागा केली.